घरातील प्रवाळांची छायाचित्रे: कॅमेऱ्याला सारे निळेच का दिसते?

सागरवेल, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी साधारण ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात झोअँथिड या प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ, फुलासारख्या प्राण्यांचे चार-पाच रंग, टॉर्च आणि हॅमर या नावांनी ओळखली जाणारी प्रवाळे, खडकावर पसरलेला केशरी मॉन्टिपोरा, मॅक्सिमा जातीचा एक मोठा शिंपला, क्लाउनफिशची जोडी आणि माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारी क्लीनर कोळंबी असा परिवार आहे. संध्याकाळी दिव्यांतला पांढरा प्रकाश उतरत जातो आणि केवळ निळा उरतो, तेव्हा टॉर्चच्या स्पर्शकांची टोके आतून दिवा लावल्यासारखी हिरवी उजळतात आणि झोअँथिडच्या कडा केशरी होतात. हे दृश्य सांगलीच्या नातेवाइकांना दाखवावे म्हणून फोटो काढला, की त्यात ना हिरवे असते ना केशरी, नुसता एक गडद जांभळट निळा थर असतो.

माझ्याकडे भिंग बदलता येणारा कॅमेरा, १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग आणि बऱ्यापैकी फोन आहे. पांढरे दिवे पूर्ण चालू करून काढलेले चित्र स्वच्छ येते, पण मग ती झळाळी नाहीशी होते. सेटिंग काय ठेवावे हे तर मला हवेच आहे, पण त्याहून एक प्रश्न मला अधिक छळतो. कॅमेरा चुकीचे दाखवतो आहे, की संध्याकाळी मला जे दिसते तेच मुळात दिव्यांनी उभे केलेले आहे? या दोन फोटोंपैकी माझ्या प्रवाळाचा खरा फोटो कोणता मानायचा?

प्रकाशकण, बंगळूर

सागरवेलताई, आधी निळ्या थराचे कारण सांगतो, म्हणजे उपाय का करायचा ते आपोआप कळेल.

प्रवाळांसाठीच्या एलईडी दिव्यांची बरीचशी ऊर्जा ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांतला व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा रंग वजा करून पांढरे ते पांढरे दाखवण्याची सोय, १०,००० केल्विनपाशी थांबतो (रंगतापमानाचा हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) आणि आपले संध्याकाळचे दिवे त्याच्या कितीतरी पलीकडे असतात, त्यामुळे 'ऑटो' वर ठेवलेला कॅमेरा प्रयत्न करूनही तो निळा रंग वजा करू शकत नाही. आपला मेंदू मात्र थोड्या वेळात त्या प्रकाशाला सरावतो आणि निळ्याकडे दुर्लक्ष करून हिरवे-केशरी वेगळे काढून दाखवतो.

दुसरी अडचण सेन्सरमध्ये आहे. नेहमीच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्यासाठी, पाव लाल रंगासाठी आणि पाव निळ्यासाठी असतात. केवळ निळ्या उजेडात यांतले पाव बिंदूच पोटभर प्रकाश घेतात, उरलेले जवळजवळ उपाशी राहतात. त्यातच कॅमेऱ्याचे प्रकाशमापन हिरव्याला सर्वाधिक आणि निळ्याला सर्वांत कमी महत्त्व देते, म्हणून 'प्रकाश कमी आहे' असे समजून तो एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, वाढवतो आणि निळ्याचा भाग पार करपून जातो. एकदा करपलेल्या भागातून तपशील परत मिळत नाही.

यावरून तीन गोष्टी ठरतात. फोटो रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या स्वरूपातच काढावा, कारण त्यात रंगाचा निर्णय नंतर घेता येतो आणि संगणकावरच्या काही प्रणालींत रंगतापमान ५०,००० केल्विनपर्यंत नेता येते. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजळपणाचा आलेख, पाहताना एकत्रित आलेख न पाहता निळ्याचा स्वतंत्र आलेख पाहावा आणि तो उजव्या भिंतीला टेकणार नाही इतके एक्स्पोजर उतरवावे. आणि भिंगासमोर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर धरावा, म्हणजे निळा प्रकाश सेन्सरवर पोहोचण्यापूर्वीच बराचसा अडतो. पहिल्या दोन उपायांनी न सुटणारा फोटो तिसऱ्याने बहुधा सुटतो.

गिरगावकर, मुंबई

फिल्टर विकत घेण्याआधी काच पुसा. आतल्या बाजूचे शेवाळ चुंबकाच्या घासणीने काढून उडालेला गाळ खाली बसेपर्यंत तासभर थांबा. बाहेरच्या बाजूला मिठाचे ओघळ राहतात, ते ओल्या कापडाने टिपून घ्या. खोलीतले सगळे दिवे आणि दूरदर्शन बंद करा आणि अंगात काळा सदरा घाला. काचेतल्या प्रतिबिंबावर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश आत सोडणारा फिल्टरही उत्तम काम करतो.

भिंगरी, नाशिक

मी मुख्यतः कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण करते, पण गेल्या वर्षी एका परिचितांच्या टाकीपाशी बराच काळ बसण्याची संधी मिळाली. तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे भिंग काचेला काटकोनात असायलाच हवे. हवा, काच आणि पाणी यांचे अपवर्तनांक अनुक्रमे १, सुमारे १.५ आणि १.३३ आहेत, त्यामुळे तिरक्या कोनातून येणारा प्रकाश वाकतोच, शिवाय त्यातले रंगही किंचित वेगवेगळे वाकतात. पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एका इवल्या प्राण्याच्या, एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबूस रेघ दिसली, तर भिंगाला नावे ठेवण्यापूर्वी कोन तपासावा. भिंगाच्या तोंडावर रबरी हूड लावून तो सरळ काचेला टेकवला, म्हणजे काटकोन साधतो, हात स्थिर राहतो आणि प्रतिबिंबाचा प्रश्नही मिटतो.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. लाटा निर्माण करणारे पंप चालू असताना टॉर्चचे स्पर्शक क्षणभरही एका जागी राहत नाहीत. पंप दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावेत, मात्र सम्पमधून, म्हणजे खालच्या जोडटाकीतून, पाणी वर चढवणारा पंप बंद करण्यापूर्वी वरून उतरणारे पाणी सम्पमध्ये मावते ना हे पाहावे. पाणी थांबल्यावर पॉलिप काही काळ दबकतात आणि मग पूर्ण फुलतात. ते फुलेपर्यंत थांबण्यातच अर्धे छायाचित्रण आहे.

आकड्यांत सांगायचे तर सुरुवात भिंगाचे छिद्र एफ/८, शटर १/१२५ सेकंद आणि सेन्सरची संवेदनक्षमता आयएसओ ८०० पासून करा. वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराइतकी उमटते तेव्हा एफ/८ वरही जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणून तीक्ष्ण काय हवे ते आधी ठरवावे. झोअँथिडमध्ये मधले तोंड आणि त्याभोवतीचे वलय एका पातळीत आले की चित्र उभे राहते, मग झालर धूसर झाली तरी डोळ्याला खटकत नाही. छिद्र एफ/१६ च्या पुढे आवळून खोली वाढवण्याच्या मोहात पडू नका, कारण इतक्या जवळच्या अंतरावर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ होते.

प्रकाशकण, बंगळूर

भिंगरीताईंशी पूर्ण सहमत आहे. गिरगावकर, आपल्या काळ्या सदऱ्याला अनुमोदन, परंतु पोलरायझरबाबत माझे मत वेगळे आहे. परावर्तित प्रकाश ध्रुवित होतो तो तिरक्या कोनात. पाण्याच्या पृष्ठभागावर हा परिणाम लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन केला असता सर्वाधिक असतो आणि काटकोनात समोरून पाहताना तो जवळपास शून्य असतो. म्हणजे काचेसमोर आपण जिथे उभे राहायला हवे, नेमक्या त्याच जागी पोलरायझर निरुपयोगी ठरतो, आणि वर एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून अधिक, प्रकाश खातो.

गिरगावकर, मुंबई

समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांचे फोटो मी नेहमी पोलरायझर लावून काढतो आणि तिथे तो निश्चित उपयोगी पडतो. आपण सांगितलेल्या कोनाचा विचार करता त्याचे कारण आता उमगले, कारण तिथे आपण तिरकेच पाहत असतो. टाकीपुरते माझे विधान मागे घेतो.

शर्वरी_सागर, पणजी

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मूळ प्रश्नाचा जो दुसरा भाग आहे, त्याला जीवशास्त्रात उत्तर आहे असे मला वाटते.

प्रवाळांच्या ऊतींत रंगाची प्रथिने मुख्यतः दोन प्रकारची असतात. एका प्रकारातली प्रथिने निळा प्रकाश शोषून तो हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात परत सोडतात. ही प्रतिदीप्त प्रथिने. अशा हिरव्या प्रथिनाचा शोध जेलीफिशमध्ये लागला, त्याच्या संशोधनासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९९ मध्ये प्रवाळांच्या गोत्रातही अशी प्रथिने असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि प्रयोगशाळांतून आज सर्रास वापरले जाणारे लाल प्रथिन डिस्कोसोमा या मश्रूम प्रवाळातून मिळाले. घरगुती टाक्यांमध्ये सर्वांत सहज वाढणाऱ्या प्रवाळांपैकी ते एक आहे, त्यामुळे सागरवेलताईंच्या शेजारीपाजारीही ते कुणाच्या तरी टाकीत असण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या प्रकारातली प्रथिने केवळ प्रकाश शोषतात, परत सोडत नाहीत. ॲक्रोपोरा या प्रवाळाची जांभळी-निळी टोके आणि पोसिलोपोरा या प्रवाळाचा गुलाबी रंग बव्हंशी यांच्यामुळे असतो. केवळ निळ्या प्रकाशात ती काळपट, मलूल दिसतात आणि पांढऱ्या प्रकाशात खुलतात.

म्हणजे सागरवेलताई, निळ्या उजेडात दिसणारे हिरवे काही दिव्याने रंगवलेले नाही, ते त्या प्राण्याच्या अंगचेच आहे. पण पांढऱ्या उजेडात दिसणारा गुलाबीही तितकाच त्याच्या अंगचा आहे. प्रत्येक उजेड त्यातला एकेक भाग समोर आणतो.

अभिजात, पुणे

शर्वरी यांचे विवेचन आवडले, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. छायाचित्र पाहणाऱ्याने ती वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी साध्या उजेडात पाहिली तर त्याला जे दिसेल, तेच प्रामाणिक छायाचित्र, असे मी मानतो. निळ्या दिव्यांत काढून, नारिंगी फिल्टर लावून, वर संगणकावर रंग चढवलेले झोअँथिडचे फोटो दाखवून परदेशात त्याचे एकेक तुकडे भरमसाट किमतींना विकले जातात. माझ्या भावाने दुबईत असाच एक तुकडा फोटो पाहून मागवला. घरी आल्यावर तो तपकिरी निघाला, आणि विक्रेत्याचे म्हणणे होते की योग्य दिवे लावा म्हणजे दिसेल. नेत्रदीपक फोटोंच्या या चढाओढीत पाहणाऱ्याची फसवणूक होते, हे आपण मान्य करायला हवे.

उमा_म्युनिक, जर्मनी

अभिजात, आपल्या भावाचा राग मी समजू शकते, पण 'साधा उजेड' म्हणजे कोणता? पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. दहा-वीस मीटर खोलीवर वाढणाऱ्या प्रवाळाने जन्मात कधी पांढरा उजेड पाहिलेला नसतो, त्याचे सारे जग निळेच असते. दिवाणखान्यातला दुपारचा उजेड आपल्या सोयीचा आहे, त्याच्या नव्हे. आपण संध्याकाळी जे दिवे लावतो तेही समुद्राची हुबेहूब नक्कल नाहीत, कारण समुद्रातला निळा इतका अरुंद पट्ट्याचा नसतो. तेव्हा कोणताही एक उजेड खरा ठरवण्यापेक्षा फोटोखाली उजेड कोणता होता ते लिहिणे हा प्रामाणिकपणा मला पुरेसा वाटतो. 'केवळ निळे दिवे, नारिंगी फिल्टर' एवढे तीन-चार शब्द लिहिले असते, तर आपल्या भावाची फसगत झाली नसती.

मी माझ्या टाकीची महिन्यातून एकदा नोंद म्हणून छायाचित्रे घेते आणि तिथे मात्र मी पांढराच प्रकाश वापरते, याचे कारण सांगते. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की काही प्रवाळे तापमानाच्या ताणाने ऊतींच्या आत राहणारी सूक्ष्म शैवाले गमावतात तेव्हा पांढरी पडण्याऐवजी भडक रंगीत होतात. शैवाल गेल्यावर आतल्या पांढऱ्या सांगाड्यावरून परतणारा प्रकाश वाढतो, त्यातल्या निळ्या भागाने ही रंगद्रव्ये अधिक बनू लागतात. अशा वेळी निळ्या दिव्यांखालचा फोटो 'वा, काय रंग आले आहेत' असे म्हणायला लावतो आणि प्राणी मात्र अडचणीत असतो. पांढऱ्या उजेडात तीच वसाहत फिकट झालेली चटकन ओळखू येते. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच या उपक्रमाने प्रवाळांच्या फिकटपणाची पातळी मोजण्यासाठी रंगपट्टी तयार केली आहे. तशी एखादी पट्टी किंवा निदान पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा टाकीत प्रवाळाच्या शेजारी धरून त्यावरून व्हाइट बॅलन्स घेतला, तर या महिन्याचा आणि पुढच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते.

नवशिका, कोल्हापूर

मला टाकी नाही, पण वाचतो आहे. फोनवरून काही जमते का?

भिंगरी, नाशिक

नक्की जमते. फोनच्या 'प्रो' पद्धतीत रॉ चालू करा, चित्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर जागीच बांधून ठेवा आणि एक्स्पोजर एक-दीड टप्पा खाली उतरवा. नारिंगी पारदर्शक जिलेटिनचा कागद नाटकाच्या प्रकाशयोजनेचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतो, त्याचा लहानसा तुकडा भिंगावर धरला तरी पुष्कळ फरक पडतो. फोन काचेला सपाट टेकवा. अंगभूत सुंदरीकरण आणि रात्रीच्या छायाचित्रणाची सोय बंद ठेवा, कारण ती अनेक चित्रे एकावर एक चढवते आणि हलणाऱ्या स्पर्शकांचा चिखल करते.

रानवाटा, पुणे

भारतात राहून हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन यांचा समावेश झाला. समुद्रघोडे आणि सागरवेलताईंकडे आहे तो मॅक्सिमा शिंपलाही संरक्षित आहे. त्यांच्याकडची टॉर्च, हॅमर, मॉन्टिपोरा ही सगळी कठीण प्रवाळे आहेत आणि अमेरिकेत ती टाकीत वाढवून रीतसर विकली जातात, पण इथे ती बाळगणे हा गुन्हा आहे. दुकानदार 'काही होत नाही' म्हणतात, त्यावर जाऊ नये.

माझ्या टाकीत म्हणूनच खडक, समुद्रफूल, टाकीतच जन्मलेले क्लाउनफिश आणि दोन क्लीनर कोळंब्या एवढेच आहे. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केल्यामुळे समुद्रातून न पकडलेले मासे मिळू शकतात. आता माझा प्रश्न. क्लाउनफिश एका जागी थांबतच नाही आणि कोळंबी नेमकी सर्वांत अंधाऱ्या कपारीत बसते. यांना कसे टिपावे?

उमा_म्युनिक, जर्मनी

माशांना प्रतिदीप्तीचे बंधन नसल्याने तिथे फ्लॅश निःसंकोच वापरता येतो, फक्त तो कॅमेऱ्यावर नको. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काचेतून सरळ भिंगात परततो आणि पाण्यातला प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन उमटतो. तारेने किंवा रेडिओने जोडलेला फ्लॅश टाकीच्या वर, खाली तोंड करून ठेवावा, मात्र तो पाण्यात पडणार नाही अशा रीतीने पक्का बांधावा. १/२०० सेकंद, एफ/११ आणि वरून येणारा प्रकाश, एवढ्यावर खवल्यांची कडा सुटी दिसते. क्लाउनफिश समुद्रफुलापासून फार दूर जात नाही, तेव्हा त्याचा पाठलाग न करता समुद्रफुलाच्या एका टोकावर फोकस बांधून ठेवावा आणि तो तिथे परत येण्याची वाट पाहावी.

कोळंबीला रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी खाऊ घाला. आठवडाभरात ती वेळ झाली की स्वतःहून काचेपाशी येऊन उभी राहते. तिच्या पाठीवरचा पांढरा पट्टा सहज करपतो, म्हणून एक्स्पोजर पट्ट्यावरून ठरवावे, लाल रंगावरून नव्हे.

शर्वरी_सागर, पणजी

माशांचा विषय निघालाच आहे, तर मँडरिन माशाबद्दल एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. बहुतेक प्राण्यांतला निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो, सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळे तो दिसतो आणि कोन बदलला की बदलतो. मँडरिन माशाच्या पेशींत मात्र खरोखरच निळे रंगद्रव्य असते आणि पृष्ठवंशी प्राण्यांत हे अतिशय दुर्मिळ आहे. याउलट मॅक्सिमा शिंपल्याच्या मांसल कडेवरचा निळा-हिरवा झळाळ रचनेतून येतो. तोच शिंपला समोरून तपकिरी आणि वरून मोरपंखी दिसतो. सागरवेलताई, आपण त्याचा फोटो समोरच्या काचेतून काढत असाल, तर दिवे बदलण्यापूर्वी जागा बदलून पाहा.

सागरवेल, न्यू जर्सी

सर्वांचे मनापासून आभार. रानवाटा, आपण कायद्याबद्दल लिहिले ते फार बरे झाले, कारण माझ्या फोटोंवरून कुणी तिकडे तशी टाकी करायला जाऊ नये.

शर्वरी, शिंपल्याचा फोटो मी आजवर समोरूनच काढत आले. वरून काढायचा तर पाण्याच्या पृष्ठभागावरची थरथर आणि दिव्यांची तिरीप मध्ये येते, त्यावर काय करावे?

उमा_म्युनिक, जर्मनी

पंप थांबवूनही बारीक थरथर उरतेच. त्यासाठी एक खिडकी बनवता येते. भिंग आत बसेल इतक्या रुंदीचा पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा घ्यावा, त्याच्या एका तोंडाला स्वच्छ ॲक्रिलिकची गोल चकती मत्स्यालयासाठीच्या सिलिकॉनने चिकटवावी आणि दोन दिवस वाळू द्यावी. चकतीचे तोंड दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवले की पृष्ठभाग मध्ये राहतच नाही. चकतीखाली बुडबुडे अडकतात, म्हणून ती तिरपी आत सोडून मग सरळ करावी. पहिल्यांदा कॅमेरा न लावता नळी रात्रभर पाण्यात ठेवून गळती तपासा. झोअँथिड, मश्रूम आणि शिंपला या तिघांचे सौंदर्य वरूनच आहे. दिवे थोडे मागे सरकवा, नाहीतर नळीची सावली नेमकी फोटोच्या विषयावर पडते.

फोटोसाठी झोअँथिडचा तुकडा जागचा हलवायचा असेल, तर हातमोजे आणि चष्मा वापरणे मी सक्तीचे मानते. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. खडकावरून ते खरवडू नये, त्यावर उकळते पाणी तर मुळीच ओतू नये.

गिरगावकर, मुंबई

झोअँथिड पाहण्यासाठी टाकीच हवी असे नाही, हे मुंबईकरांना सांगावेसे वाटते. मोठ्या ओहोटीला आमच्या किनाऱ्यांवरच्या खडकांत त्यांचे हिरवे-तपकिरी गालिचे उघडे पडतात आणि हाजीअलीच्या बाजूला कठीण प्रवाळाच्या लहान वसाहतीही आहेत. किनारी रस्त्याच्या कामाच्या वेळी त्यातल्या काही २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट किनाऱ्यावरच्या जिवांची नोंद करतो आणि सर्वांसाठी किनाऱ्यावरच्या फेऱ्या काढतो. तिथे काहीही उचलायचे नसते, वसाहतींवर पाय द्यायचा नसतो, फक्त पाहायचे आणि फोटो काढायचे असतात. ज्यांना कायद्यामुळे घरी प्रवाळ ठेवता येत नाही, त्यांनी कॅमेरा घेऊन इथे यावे. प्रकाशकण यांनी सांगितलेल्या ५३ अंशांची परीक्षाही इथे होते.

अभिजात, पुणे

उमा यांचा उजेड लिहिण्याचा मुद्दा मला पटला. माझा आक्षेप आता एवढाच उरतो, की विक्रीसाठी लावलेल्या फोटोंत दोन्ही उजेडांतली चित्रे शेजारी शेजारी असावीत. घेणाऱ्याला काय घेतो ते कळेल, आणि झळाळीही कुणाची हिरावली जाणार नाही.

सागरवेल, न्यू जर्सी

अभिजात, तेच मी केले आहे. काल संध्याकाळी खोली अंधारी करून, पंप थांबवून आणि हूड काचेला टेकवून आधी पांढऱ्या दिव्यांत टॉर्चचा फोटो घेतला, मग कॅमेरा तिपाईवरून न हलवता दिवे निळ्यावर आणून नारिंगी फिल्टरसह दुसरा. पहिल्यात स्पर्शक तपकिरी आहेत, त्यांच्या आतली शैवाले किती दाट आहेत ते कळते, आणि टोकांना मंद हिरवट छटा आहे. दुसऱ्यात तपकिरी पार नाहीसा झाला आहे आणि प्रत्येक स्पर्शकाच्या टोकाशी हिरवा मणी आणि त्याखाली एक अगदी बारीक पिवळे वलय आहे. ते वलय मी इतके दिवस रोज टाकीसमोर बसूनही पाहिले नव्हते. दोन्ही फोटो उजेडाच्या नोंदीसह सांगलीला पाठवले. मामांनी विचारले, की हे दोन वेगळे प्राणी आहेत का.

निळ्या उजेडातल्या काही चित्रांत मात्र आडवे काळसर पट्टे आले आहेत, डोळ्यांना ते टाकीत कुठेही दिसत नाहीत. शिंपला तर कॅमेरा जवळ नेला की मिटतोच. या दोन गोष्टींचे काही करता येईल का?

प्रकाशकण, बंगळूर

पट्टे दिव्यांमुळे आहेत. एलईडी मंद करताना बरेच दिवे सेकंदाला शेकडो वेळा विझतात आणि पेटतात, आणि आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा विझलेल्या क्षणी वाचल्या जातात. यांत्रिक शटर वापरा आणि वेग १/६० च्या आसपास उतरवा. एवढ्याने पट्टे गेले नाहीत, तर निळी वाहिनी फोटोपुरती पूर्ण क्षमतेवर न्या, कारण त्या स्थितीत बहुतेक दिवे लुकलुकत नाहीत. वाढलेला प्रकाश दहा मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नका, प्रवाळांना त्याची सवय नसते.

शर्वरी_सागर, पणजी

शिंपल्याच्या मांसल कडेवर शेकडो लहान डोळे असतात, भिंग नसलेले, नुसत्या छिद्रासारखे. सावली पडली की तो भक्षक आला असे समजून मिटतो. नळीवाले किडेही अशाच कारणाने पिसारा आत ओढतात. म्हणून दिवा आणि शिंपला यांच्यामध्ये काहीही हलू देऊ नये. उमाताईंची खिडकी आधीच पाण्यात बसवून ठेवा, कॅमेरा तिच्यात स्थिर लावा आणि दूरनियंत्रकाने किंवा दहा सेकंदांच्या टायमरने फोटो घ्या. एकदा मिटल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न केलात तर तो अधिक घट्ट मिटेल, त्यापेक्षा पाच-दहा मिनिटे त्याला मोकळे सोडा, तोवर झोअँथिडचे काम उरकून घ्या.